सांता रीताचे फोन नंबर

एडिसन,
रविवार, ८ जानेवारी १९८९

प्रिय सुलेखा,

आज सातला उठलो. काल दुपारपासून पडलेला बर्फ ड्राइव्हवेवरून काढला, पाऊण तास लागला. मग चहा, पेपर, आंघोळ. दुपारी कुकर लावला. डाळभात आणि कालची फ्लॉवरची भाजी. तीन वाजता टेबल पुसलं आणि कागद घेऊन बसलो. तुझं पत्र बुधवारी आलं. चार दिवस ते फोनखाली ठेवलं होतं. ऑफिसातून आल्यावर रोज वाचत होतो आणि परत तिथेच ठेवत होतो. उत्तराला उशीर झाला, राग मानू नकोस.

रवीला रजा मिळाली, तिकिटं निघाली आणि बावीस फेब्रुवारीला तुम्ही तिघं मेक्सिकोत सांता रीताला निघताय, असं तू लिहिलंयस. चोवीसला दीपाचा पाचवा वाढदिवस तिथेच करायचा, आणि पंचवीसला, तुझ्या ताईला पाच वर्षं होतील त्या दिवशी, होडीतून बेटावर जाऊन पाण्यात दिवा सोडायचा. पुढे लिहिलंयस, "भावोजी, तुम्ही सगळं लिहून ठेवता. तिथले फोन नंबर पाठवा, डॉक्टर, औषधाचं दुकान, अडीअडचणीला कोणाला गाठायचं ते. काय न्यायचं, काय खायचं नाही तेही. आणि मुख्य म्हणजे ताईने कार्डात लिहिलेली ती होडी कुठून सुटते, आणि काठीला लावून मासा भाजणारा तो म्हातारा कुठे बसतो, ते सांगा. दीपाला मी प्रॉमिस केलंय."

नंबरांचं आधी करतो, ते सोपं आहे. वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून सोबत जोडले आहेत. त्या कागदाच्या दोन प्रती कर. एक तुझ्या पर्समध्ये, एक रवीच्या खिशात. दोन्ही एका बॅगेत ठेवू नका. पहिला नंबर चौकामागच्या दवाखान्याचा. डॉक्टर मेहिया, वय पन्नाशीच्या पुढे. हळू बोललं तर इंग्रजी समजतं. चांगला माणूस आहे, खोटी आशा दाखवत नाही. त्याच्या खाली औषधाच्या दुकानाचा. तिथे दुपारी दोन ते चार सगळं गाव झोपतं, औषधाचं दुकानसुद्धा. पण मागच्या गल्लीत हिरवं दार आहे, ते वाजवलं की मालकीण उठून येते, कुरकुर न करता. मग हॉटेलचा नंबर. मालकिणीचं नाव दोन्या एल्विरा. हॉटेलच्या खोल्यांत फोन नाहीत, खाली जिन्याजवळ एक आहे, पण त्यावरून देशाबाहेर लागेलच असं नाही. त्यासाठी चौकातल्या टेलिफोन ऑफिसात जावं लागतं. काचेच्या तीन खोल्या आहेत. मधली घ्या. डावीकडच्या खोलीत समोरच्याचं ऐकू येतं, पण आपलं त्याला जात नाही. सकाळी नऊच्या आत गेलात तर लवकर लागतो.

टॅक्सीवाल्याचाही नंबर दिला आहे. त्याच्या गाडीची मागची सीट पूर्ण आडवी होते. अशी गाडी गावात ती एकच होती.

तुम्ही दोघं अमेरिकन नागरिक झालात की अजून आपलेच पासपोर्ट आहेत, हे मला माहीत नाही. आपले असतील तर मेक्सिकोचा व्हिसा आधी काढावा लागतो, आणि तिथे काही झालं तर अमेरिकन वकिलातीत जाऊन उपयोग होत नाही. ते लोक सभ्यपणे ऐकून घेतात आणि ग्रीन कार्ड परत हातात देतात. आपला दूतावास मेक्सिको सिटीत आहे. त्याचाही नंबर दिला आहे. तिथल्या एका गृहस्थांनी माझं नाव ऐकून एकदम मराठीत विचारलं होतं, "आपण मूळचे कुठले?" मी वेंगुर्ल्याचा म्हणून सांगितलं. मी मिरजेचा. तोंडातून तुमचं गाव का गेलं, ते अजून कळलेलं नाही. पद्मजा अनेक वर्षं म्हणत होती की नागरिकत्वाचे कागद भरून टाकू. मीच दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकललं. वडिलांना वाईट वाटेल असं कारण देत होतो. त्यांना मी कधी विचारलंही नव्हतं. ती गेल्यावर दोन वर्षांनी भरले. शपथेला एकटाच गेलो होतो.

हॉटेलात उतरताना एक कार्ड भरायला देतात. अडचणीत कोणाला कळवायचं, असा रकाना असतो. तिथे मी पद्मजाचं नाव लिहिलं आणि तिने माझं. दोघांनी एकाच टेबलाशी उभं राहून. दोन्या एल्विराने कार्डं वाचली आणि हसली. मला वाटलं भारतीय नावांना हसते आहे. तुम्ही असं करू नका. जो बरोबर नाही त्याचं नाव लिहा.

दीपासाठी रबरी बूट घ्या, वाळू दहा वाजताच तापते. बर्फ घातलेलं काही देऊ नका. मीठ, साखर आणि उकळलेलं पाणी खोलीत तयार ठेवा. आणि एक नीट ऐक. कोणाच्याही पोटात दुखलं, विशेषतः उजव्या बाजूला खाली, तर ओवा खाऊन वाट बघायची नाही. गरम पाण्याच्या पिशवीने शेकायचं नाही. आपल्या घरांत पहिल्यांदा तेच करतात, तुझ्या आईने केलं असतं, माझ्याही आईने केलं असतं. करू नका. लगेच पहिला नंबर लावा.

आता तुला वाटत असेल की भावोजींनी समुद्राबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. होडी नाही, मासा नाही, बेट नाही. मी तीन आठवडे तिथे होतो, आणि मला तिथलं औषधाचं दुकान, टेलिफोन ऑफिस आणि दवाखान्याचा जिना एवढंच नीट माहीत आहे. दवाखान्याला एकोणीस पायऱ्या आहेत. होडी कुठून सुटते, ते मला माहीत नाही. पद्मजालाही माहीत नव्हतं. ती त्या होडीत कधी बसली नाही.

हे वाक्य लिहून मी उठलो होतो. चहा केला, परत येऊन बसलो. आता क्रमाने लिहितो. मला गोष्टी क्रमानेच सांगता येतात.

जायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, इथेच तिच्या पोटात दुखायला लागलं होतं. मी म्हटलं, कॅन्सल करू. ती म्हणाली, "गॅस आहे हो. पंधरा वर्षांत पहिल्यांदा गरम समुद्रावर नेताय, आणि आता माझ्या गॅसचं निमित्त करू नका." तुला माहीतच आहे, इथल्या समुद्रावर ती चिडलेली असायची. म्हणायची, हा काय समुद्र, पाय बुडवला की दात वाजतात. बॅगा भरताना मी औषधांची पिशवी वेगळी केली तर हसली. "तुमची औषधं बसली की मग माझ्या साड्या." विमानात ओवा चघळत होती. रविवारी सकाळी अर्धा तास पाण्यात उभी राहिली, घोट्यापर्यंत. पाणी खरंच गरम होतं. मी वाळूत बसून गावाचा नकाशा बघत होतो. तिने मागे वळून ओरडून सांगितलं, "वेंगुर्ल्यासारखं आहे हो! सुलूला सांगायला हवं!" तेवढाच तिचा समुद्र. दुपारी दुखणं वाढलं. तिने शेक मागितला, मी पिशवी भरून दिली. दोनदा भरून दिली. सोमवारी उजाडता उजाडता टॅक्सीत मागच्या सीटवर आडवी घालून दवाखान्यात नेली. अपेंडिक्स होतं, फुटलेलं. डॉक्टर मेहियाने ऑपरेशन केलं. नंतर हात पुसत त्याने विचारलं, पोटाला काही गरम लावलं होतं का. मी हो म्हटलं.

तुला मी हृदय सांगितलं होतं. झोपेत गेली, काही कळलं नाही, असं सांगितलं होतं. ते खरं नाही. ती सहा दिवस होती.

त्या सहा दिवसांत तुला फोन का केला नाही, हे तू विचारणार. दवाखान्यात लुस नावाची नर्स होती, रुंद चेहऱ्याची, तुझ्याच वयाची. तिला इंग्रजी येत नव्हतं. पद्मजा तिच्याशी सरळ मराठीत बोलायची, ती स्पॅनिशमध्ये उत्तर द्यायची, आणि दोघींचं छान चालायचं. मीच मध्ये डिक्शनरी घेऊन बसलेलो असायचो. मंगळवारी लुसने दवाखान्याचं कार्ड भरण्यासाठी पद्मजाची डायरी उघडली. पहिल्याच पानावर तुझं नाव आणि डॅलसचा नंबर होता. तिने विचारलं, "एर्माना?" म्हणजे बहीण. पद्मजाने मान हलवली. लुसने फोनकडे बोट केलं आणि उठलीच. तेव्हा पद्मजाने डायरीवर हात ठेवला. सलाईन लावलेला हात. दुसऱ्या हाताने पोटावर मोठा गोल काढून दाखवला आणि दोन बोटं वर करून ती खाली केली. लुसला कळलं. तिने डायरी मिटून उशीखाली ठेवली.

ती दोन बोटं म्हणजे तुझी आधीची दोन. दुसऱ्या खेपेला तुमचे अण्णा गेल्याची तार आमच्याकडे आली होती आणि ती बातमी पद्मजाने तुला फोनवर सांगितली होती. त्यानंतर तिसऱ्या दिवशी तुझं सगळं संपलं. तू तिला कधी एका शब्दाने बोलली नाहीस. डॉक्टर म्हणाले होते की दोन्हींचा संबंध नाही. पण ती मला पुष्कळदा म्हणायची, मी एक आठवडा थांबले असते तर काय बिघडलं असतं. या वेळी तुला डॉक्टरांनी पूर्ण आडवं राहायला सांगितलेलं. त्या खाटेवरून तिने मला स्पष्ट सांगितलं, "सुलूचं सुखरूप होईपर्यंत काही कळवायचं नाही. काहीही झालं तरी." मी म्हटलं, असं बोलू नकोस. ती म्हणाली, "मी तुम्हाला बोलायला नाही सांगितलं. गप्प राहायला सांगितलंय. ते तुम्हाला जमतं."

गुरुवारी ताप थोडा उतरला. पद्मजाने मला समोरच्या दुकानातून पिक्चर पोस्टकार्डं आणायला लावली. आठ आणली. लुस तिला गावातल्या गमती सांगायची, हाताने होडी वल्हवून दाखवायची, बेटावरचे मोठ्या चोचीचे पक्षी कसे थव्याने पाण्यात सूर मारतात ते खुर्चीवरून उडी मारून दाखवायची. तिचे वडील किनाऱ्यावर मासे भाजतात, काठीला लावून, हेही तिनेच सांगितलं. पद्मजाने त्यातलं सगळं कार्डांत लिहिलं. दोन दिवस लिहीत होती, दोन ओळी झाल्या की डोळे मिटायची. अक्षर वाकडं यायला लागलं तसं तिने काय लिहिलं ते तुला पाठ असेल. "होडीत बसून लिहितेय, लाटा फार आहेत, अक्षराला हसू नकोस." मी वाचून म्हटलं, हे फार झालं. तर म्हणाली, "लाटाच आहेत की."

तारखेची जागा तिने कोरी ठेवली. मला म्हणाली, दर तीन दिवसांनी एक टाका. मी उठले तर उरलेली मीच फाडून टाकीन.

बारा फेब्रुवारीला रविवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी ती गेली. मी उजवीकडे होतो, लुस डावीकडे. पंचवीस नव्हे, सुलेखा. बारा.

मी टेलिफोन ऑफिसात जाऊन रवीला फोन केला. तो ऑफिसात होता, त्या दिवशी रविवार असूनही, तेवढी देवाची कृपा म्हणायची. त्याला मी सगळं सांगितलं आणि त्याच्याकडून वचन घेतलं. तो रडत होता आणि वचन देत होता. त्याने तुझ्यापासून पाच वर्षं जे लपवलं ते माझ्या सांगण्यावरून. त्याला काही बोलू नकोस. बोलायचं ते मला बोल.

सांता रीतात दहनाची सोय नाही. मोठ्या शहरात न्यावं लागलं, त्यात तीन दिवस गेले. आणि मग मी परत सांता रीताला आलो. एडिसनला आलो असतो तर ओक ट्री रोडवर कोणीतरी मला एकट्याला पाहिलं असतं आणि दोन तासांत डॅलसला फोन गेला असता. आपली माणसं कशी आहेत ते तुला ठाऊक आहे. म्हणून रजा संपेपर्यंत त्याच खोलीत राहिलो. दोन्या एल्विरा सकाळी एक अंडं आणि पाव ठेवून जायची. चौदा, सतरा, वीस, अशा तारखा घालून मी कार्डं टाकत होतो. अकराचं ती असतानाच टाकलं होतं. तुझ्याकडे ती असतीलच. नीट बघ, मजकूर निळ्या शाईत आहे, लुसच्या पेनाने लिहिलेला, आणि तारीख काळ्या शाईत. मला वाटायचं, तू कधीतरी ओळखशील. रवी फोनवर म्हणाला, ती उशीखाली ठेवते आणि रोज वाचते. मग मी विषय बदलला.

एकटा माणूस, ना भटजी ना कोणी, बाकी काही करू शकलो नाही. पण तेरावा दिवस मोजला होता. त्या दिवशी गोड करतात म्हणून बेकरीतून साखर लावलेला गोल पाव आणला आणि खोलीत तिच्या फोटोपुढे ठेवला. फोटो म्हणजे पासपोर्टातलाच. तेवढ्यात खालून दोन्या एल्विराने हाक मारली. जिन्याजवळच्या फोनवर रवी होता. मुलगी झाली, दोघी सुखरूप. तो दिवस चोवीस फेब्रुवारी. वर येऊन मी त्या पावाचे तुकडे केले. अर्धे दोन्या एल्विराला दिले, अर्धे दवाखान्यात लुसला नेऊन दिले. तेराव्याचं म्हणून आणलेलं, पेढे म्हणून वाटलं. मी थोडं खाल्लं. घशाखाली उतरलं.

दोन दिवसांनी फोनवर मी तुला सांगितलं की ती काल गेली. तू पहिलं विचारलंस, "ताईला कळलं होतं ना?" मी हो म्हटलं. ते एक मी माझ्या मनाने बोललो, तिने सांगितलेलं नव्हतं. आणि मग आठवड्या-दोन आठवड्यांनी तुला तिचं शेवटचं कार्ड मिळालं आणि ते खरं वाटलं.

मी नंतर सांगणार होतो. आधी तू ओली बाळंतीण होतीस. मग म्हटलं, उन्हाळ्यात सांगू. मग वर्ष झालं. सत्त्याऐंशीच्या दिवाळीला तुमच्याकडे आलो तेव्हा ठरवूनच आलो होतो. जेवणं झाली, तू दीपाला मांडीवर घेऊन तिला तिची गोष्ट सांगत होतीस. तू झालीस ते पद्मामावशीला कळलं, तिने तुझं नाव ठेवलं, आणि मगच ती गेली. दीपा म्हणाली, "Again, Aai." तू परत सांगितलीस. मी बाहेर जाऊन गाडीचं तेल तपासलं.

आणि एक गोष्ट मला दर वर्षी टोचते. चोवीसला दीपाचा वाढदिवस, पंचवीसला तुझ्या घरी दिवा. तू केक आणतेस, पण गाणं लावत नाहीस, लोकांना बोलावत नाहीस, आणि रवीने एकदा कुठे जेवायला जाऊ म्हटलं तर उद्या ताईचा दिवस म्हणून नको म्हणालीस. ती सावली त्या मुलीच्या वाढदिवसावर मी टाकली आहे. पद्मजाला हे कळलं असतं तर ती मला फार बोलली असती.

काल सकाळी मी यादीतला पहिला नंबर लावून पाहिला, अजून चालू आहे का म्हणून. लागला. लुसनेच उचलला. मी नाव सांगितलं तर ओरडली, "सेन्योर एकनात!" माझं स्पॅनिश होतं तेवढंच आहे. मी तिला सांगितलं की एर्माना येते आहे, फेब्रुवारीत, तिच्या मुलीला घेऊन. मग तिने एकच विचारलं, एर्मानाला माहीत आहे ना? तिला नाही म्हणवेना, आणि खोटं हो म्हणण्याचं आता माझं वय राहिलं नाही. मी म्हटलं, मी लिहितो आहे. तू तिथे जाऊन कोणालाही पद्मजाचं नाव विचारलंस तर तुला कळेलच. ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून, तेही तुला न येणाऱ्या भाषेत, कळू नये. होडी कुठून सुटते ते लुस दाखवेल. तिचे वडील अजून मासे भाजतात, असं म्हणाली. दीपाला दिलेलं वचन मोडायचं कारण नाही.

दर जानेवारीत आमच्या ऑफिसात एक फॉर्म येतो, अडचणीत कोणाला कळवायचं त्याचा. चार वर्षं मी त्यात तुझं नाव आणि डॅलसचा नंबर लिहितो आहे. तुला कधी विचारलं नाही. यंदाचा फॉर्म अजून भरलेला नाही, टेबलावर पडला आहे. हे पत्र वाचल्यावर तुला नको वाटलं तर एका ओळीने कळव. मी समजून घेईन.

या पाकिटात नंबरांच्या कागदामागे एक पोस्टकार्ड आहे. तिकीट न लावलेलं. शुक्रवारी तिने शेवटची दोन कार्डं लिहिली. एक तुला मिळालं. "मुलगी झाल्याचं आत्ताच कळलं. मी म्हटलं नव्हतं? दीपा नाव ठेव. तिची बोटं कोणासारखी आहेत ते बघून लिही." दुसरं हे. यात लिहिलंय, "मुलगा झाल्याचं आत्ताच कळलं. मी म्हटलं नव्हतं? नाव तुम्हीच ठेवा, मुलग्यांची नावं मला सुचत नाहीत. कान कोणासारखे आहेत ते बघून लिही." दोन्ही तिच्या हातची, एकाच दुपारची, तुझ्या दीपाच्या जन्माच्या चौदा दिवस आधीची. मला म्हणाली होती, बघून टाका हं, धांदरटपणा करू नका. मी पेटीत घालण्याआधी दहा वेळा बघून टाकलं होतं. तिला कळलं नव्हतं, सुलेखा. पण दीपा हे नाव तिनेच ठेवलं, ते खरं आहे, ते तसंच राहू दे. दिवा बारा तारखेला घरीच लाव. चोवीसला तिथे दीपाचा वाढदिवस मोठ्याने करा. एवढं सांगण्यासाठी हे पत्र. नंबर तर मी फोनवरही सांगू शकलो असतो.

साडेपाच झाले, बाहेर अंधारलं आहे. पाकीट बंद करून कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून येतो. दुपारी बर्फ वितळून पायऱ्यांवर पाणी झालं होतं, ते आता गोठायला लागलं असेल. येताना गराजमधून मिठाची पिशवी काढून, कोणी घसरू नये म्हणून पायऱ्यांवर मीठ टाकायचं आहे.

तुझाच,
एकनाथ भावोजी